मेसेजिंग ॲप कसं निवडावं: ओटीपीपासून ग्रुपच्या गप्पांपर्यंत

'सगळ्यात चांगलं मेसेजिंग ॲप कोणतं?' असं चारचौघांत विचारलं की चार उत्तरं येतात, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो. एकाला भल्यामोठ्या फायली पाठवायच्या असतात, एकाला आपल्या बोलण्यात कुणी डोकावू नये असं वाटतं, एकाला फक्त ओटीपी वेळेवर यायला हवा असतो आणि चौथ्याला नातेवाईक जिथे आहेत तिथेच राहायचं असतं. म्हणून स्टोअरमधले तारे आणि डाउनलोडचे आकडे बघून ॲप निवडण्यात फारसा अर्थ नाही. माझ्या मते आधी आपण कुणाशी काय बोलतो ते बघावं, मग फोन हरवला तर त्या बोलण्याचं काय होईल ते बघावं, आणि स्टिकर, थीम, इमोजी वगैरे सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या साधारण याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: कामं दोन आहेत, ती वेगळी करा

फोनवर 'मेसेज' या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली एसएमएस. तो इंटरनेटवर अवलंबून नसतो, मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून जातो. समोरच्याकडे कुठलंही ॲप नसलं, साधा बटणांचा फोन असला तरी पोचतो. दुसरी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम यांसारखी चॅट ॲप्स. त्यांना इंटरनेट लागतं आणि सहसा दोन्हीकडे तेच ॲप असावं लागतं. ओटीपी, बँकेची सूचना, कुरिअरवाल्याचा निरोप बहुतेकदा एसएमएसने येतो. गप्पा, फोटो आणि ग्रुप चॅट ॲपवर होतात. म्हणजे निवड दोनदा करायची आहे, आणि दोन्हींचे निकष सारखे नाहीत.

एसएमएस जुना आहे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या इंजिनिअरने व्होडाफोनच्या नेटवर्कवरून पाठवला. मजकूर होता 'मेरी ख्रिसमस'. त्या काळच्या मर्यादा आजही तशाच आहेत. इंग्रजीत लिहिलेल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. आणि ही सत्तर म्हणजे आपण मोजतो तशी अक्षरं नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं मोजलं जातं. 'उद्या' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण एसएमएसच्या हिशेबात तो पाच जागा खातो: उ, द, पाय मोडल्याची खूण, य आणि काना. 'उद्या सकाळी नऊला ये' एवढ्यालाच मधल्या मोकळ्या जागा धरून १९ जागा लागतात. मजकूर सत्तरच्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात, आणि ते तुकडे पुन्हा जोडायची माहितीही आतच बसवावी लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ जागाच उरतात. तुमच्या प्लॅनमध्ये एसएमएस मोजून मिळत असतील तर एक ऐसपैस मराठी मेसेज गुपचूप तीन-चार मेसेज खाऊन टाकतो. इंग्रजी मजकुराच्या शेवटी एखादा इमोजी टाकला तरी तेच. अख्खा मेसेज सत्तरच्या हिशेबात जातो.

एसएमएसचा मोठा दोष असा की तो वाटेत कुलूपबंद नसतो. मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत तो वाचता येतो. कुणी फसवून तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिमकार्ड काढलं, तर तुमचे एसएमएस त्याच्या फोनवर जायला लागतात. म्हणून खासगी बोलण्यासाठी एसएमएस वापरू नये, एवढं पक्कं धरून चाला. जिथे सोय असेल तिथे लॉगिनसाठीही एसएमएसच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं ॲप) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन) निवडावी.

या दोन्हींच्या मध्ये आरसीएस नावाचा प्रकार आहे. मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेने एसएमएसचा वारसदार म्हणून तो आणला. दिसायला चॅट ॲपसारखा असतो, मेसेज वाचल्याची खूण दिसते, मोठे फोटो जातात. पण चालतो फोनच्या नेहमीच्या मेसेज ॲपमधूनच. अँड्रॉइडवर गूगल मेसेजेसमध्ये तो मिळतो आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून ॲपलनेही तो स्वीकारला. दोन्हीकडे गूगल मेसेजेस असेल तर आरसीएसचं बोलणं कुलूपबंद असतं. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यामधल्या बोलण्यात मात्र सुरुवातीला तसं नव्हतं. त्यासाठीची तरतूद मानकात २०२५ मध्ये आली. त्यामुळे इथे कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, त्या विशिष्ट चॅटमध्ये कुलपाची खूण दिसते का ते बघा. समोरच्याचं इंटरनेट बंद असेल तर अनेकदा हाच मेसेज साधा एसएमएस बनून जातो, तेव्हा कुलूपही जातं. ॲपलचा आयमेसेजही असाच वागतो: आयफोन ते आयफोन निळा आणि बंदिस्त, पण समोर आयफोन नसला की हिरवा, म्हणजे एसएमएस किंवा आरसीएस.

पायरी २: एसएमएससाठी कंटाळवाणं ॲप घ्या

आयफोनवर ही पायरी सोडून द्या, कारण तिथे एसएमएस ॲपलच्या मेसेजेस ॲपमध्येच येतात. अँड्रॉइडवर मात्र पर्याय भरपूर आहेत आणि तिथेच लोक घसरतात. रंगीत बुडबुडे, बदलते फॉन्ट, चमकणाऱ्या थीम अशी आमिषं दाखवणारी कितीतरी एसएमएस ॲप्स स्टोअरमध्ये पडलेली आहेत. त्यांतलं एखादं 'डिफॉल्ट', म्हणजे फोनचं नेहमीचं एसएमएस ॲप, केलं की तुमचा प्रत्येक एसएमएस त्याच्या हातून जातो. म्हणजे प्रत्येक ओटीपी, खात्यात किती शिल्लक आहे ते, कुठल्या दवाखान्याची वेळ घेतली ते, पासवर्ड बदलायची लिंक, सगळंच. फुकटात मिळणाऱ्या बुडबुड्यांसाठी ही किंमत फार झाली.

म्हणून माझा सल्ला असा: फोनबरोबर आलेलं किंवा गूगलचं मेसेजेस ॲप चालत असेल तर तेच ठेवा. काही कारणाने दुसरं हवंच असेल, तर एवढं तपासा.

ते ॲप कोण बनवतं आणि कंपनीचं दुसरं काही काम दिसतं का? त्याला इंटरनेटची गरज का आहे? जे ॲप नुसते एसएमएस दाखवतं त्याला जाहिराती आणि माहिती गोळा करणं सोडल्यास इंटरनेट फारसं लागू नये. लोकेशन, मायक्रोफोन, कॉल लॉग अशा परवानग्या मागतं का? एखाद्या सोयीसाठी मागत असेल तर ती परवानगी नाकारून बघा. तरीही ॲप नीट चाललं पाहिजे. मालक बदलला आहे का, हेही बघा. सिंपल मोबाइल टूल्स हा ओपन सोर्स (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) ॲप्सचा संच जाहिराती नसल्यामुळे अनेकांच्या पसंतीचा होता, त्यात एसएमएसचं ॲपही होतं. २०२३ च्या अखेरीस तो झिपोॲप्स या कंपनीकडे गेला. नाराज मंडळींनी जुन्या कोडवरून फॉसिफाय नावाचा वेगळा प्रकल्प सुरू केला, आणि आज साधं, जाहिरातमुक्त एसएमएस ॲप हवं असणाऱ्यांना मी त्याचंच नाव सुचवतो. फक्त त्यात आरसीएस मिळत नाही, हे आधीच माहीत असावं.

डिफॉल्ट ॲप बदलायचं असेल तर सेटिंग्ज उघडा, ॲप्समध्ये जा, तिथे 'डिफॉल्ट ॲप्स' शोधा आणि त्यात 'एसएमएस ॲप' निवडा. कंपनीनुसार नावं थोडी इकडेतिकडे असतात. सेटिंग्जच्या शोधात 'डिफॉल्ट' लिहिलं की बहुतेकदा सापडतं. २०१३ मधल्या अँड्रॉइड ४.४ पासून एका वेळी एकच ॲप डिफॉल्ट असू शकतं आणि मेसेज जपून ठेवायचं काम तेच करतं. पण एसएमएस वाचण्याची परवानगी इतरांनाही दिलेली असू शकते. त्यासाठी परवानग्यांच्या यादीत 'एसएमएस' उघडून बघा. तिथे टॉर्चचं, वॉलपेपरचं किंवा कर्ज देणारं ॲप दिसलं, तर परवानगी लगेच काढून घ्या. ही पाच मिनिटं नवीन ॲप शोधण्यापेक्षा जास्त कामाची आहेत.

पायरी ३: माणसांची यादी करा

आता चॅट ॲप. एक कागद घ्या. ज्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी मेसेजवर बोलणं होतं अशा माणसांची आणि ग्रुपांची नावं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी टिपा: आत्ता कुठल्या ॲपवर भेटतात, फोन कुठला आहे, आणि नवीन ॲप टाकायला तयार होतील का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. ज्या काकूंना व्हिडिओ कॉल कसा उचलायचा हे शिकायला दोन महिने लागले, त्या तुमच्या आग्रहाखातर एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे मेसेज कुलूपबंद राहावेत म्हणून, दुसरं ॲप घेणार नाहीत, आणि घेतलं तरी उघडणार नाहीत.

यादी झाली की बहुतेकांचा कल आपोआप स्पष्ट होतो. ऐंशी टक्के माणसं एका ॲपवर असतील तर ते तुमच्या फोनवर राहणारच, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न उरतो तो दुसऱ्या ॲपचा. जिवाभावाची दोन-चार माणसं, ज्यांच्याशी पैशांचं, आजारपणाचं, नोकरीतल्या कटकटींचं बोलणं होतं, त्यांच्यासाठी वेगळी जागा हवी का? मला वाटतं हवी. तीन-चार जणांना पटवणं शक्य असतं, चाळीस जणांच्या ग्रुपला नाही. दोनपेक्षा जास्त चॅट ॲप्स मात्र ठेवू नयेत. तिसऱ्यावर आलेला महत्त्वाचा मेसेज हमखास राहून जातो.

पायरी ४: गोपनीयता तपासताना तीन वेगळे प्रश्न विचारा

'आमचं ॲप सुरक्षित आहे' असं प्रत्येक जाहिरातीत असतं, त्यावरून काहीच कळत नाही. प्रश्न सुटे सुटे करून विचारले तर उत्तरं मिळतात.

पहिला प्रश्न: मजकूर कोण वाचू शकतं? एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन असेल तर मेसेज तुमच्या फोनवरच बंद होतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरला फक्त निरर्थक आकडे दिसतात. इथे 'डिफॉल्ट', म्हणजे मुळातच चालू, हा शब्द नीट बघा. सिग्नलमध्ये हे नेहमीच चालू असतं. व्हॉट्सॲपने सिग्नलचंच तंत्र वापरून एप्रिल २०१६ पासून ते सगळ्यांसाठी चालू केलं. फेसबुक मेसेंजरने वैयक्तिक चॅटसाठी ते डिफॉल्ट करायला डिसेंबर २०२३ उजाडला. आणि टेलिग्राम, ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, त्यात साधी चॅट एन्ड-टू-एन्ड कुलूपबंद नसते. ती टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहते आणि किल्लीही त्यांच्याकडेच असते. 'सीक्रेट चॅट' मुद्दाम सुरू करावी लागते, ती दोघांपुरतीच असते, आणि ग्रुपसाठी तशी सोयच नाही. टेलिग्राम वाईट आहे असं म्हणायचं नाही. दोन लाखांपर्यंत सदस्यांचे ग्रुप, चॅनेल, दोन जीबीच्या फायली यांसाठी ते उत्तम आहे. फक्त गुपितांसाठी पहिली पसंती ते नसावं.

दुसरा प्रश्न: मजकूर सोडून कंपनीला काय कळतं? याला मेटाडेटा म्हणतात आणि तो कमी बोलका नसतो. समजा एक माणूस रात्री दीड वाजता वकिलाला मेसेज करतो, पाच मिनिटांनी भावाला, सकाळी आठला घर भाड्याने देणाऱ्या एजंटला आणि नंतर दोन दिवस बायकोला एकही नाही. मेसेजमधला एक शब्दही न वाचता गोष्ट समजली. कोण, कुणाशी, कधी, किती वेळा, कुठल्या ठिकाणाहून, ही माहिती प्रत्येक ॲप कमीजास्त प्रमाणात गोळा करतं. व्हॉट्सॲप मेटाच्या (पूर्वीच्या फेसबुक कंपनीच्या) मालकीचं आहे आणि मेटाचा धंदा जाहिरातींचा आहे, हे ध्यानात असावं. सिग्नल याबाबत जाणूनबुजून दरिद्री आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत एका तपासासाठी सिग्नलकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्यापाशी देण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: बॅकअप कुठे जातो? चॅट कितीही कुलूपबंद असली आणि तिचा बॅकअप रोज रात्री दोन वाजता क्लाउडवर (गूगल किंवा ॲपलच्या सर्व्हरवरच्या तुमच्या खात्यात) उघडा जात असला, तर ज्याच्या हाती ते क्लाउड खातं लागेल त्याला सगळं आयतं मिळतं. व्हॉट्सॲपमध्ये बॅकअपही एन्क्रिप्ट करण्याची सोय २०२१ मध्ये आली, पण ती आपण चालू करावी लागते. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे 'एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड बॅकअप' असं दिसेल. पासवर्ड ठेवाल तो लिहून ठेवा. विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही, आणि तेच अपेक्षित आहे.

या तिन्हींच्या पलीकडे एक साधी गोष्ट. समोरचा माणूस स्क्रीनशॉट काढू शकतो, फोन मुलांच्या हातात देऊ शकतो. त्यावर कुठल्याही ॲपकडे इलाज नाही. 'आपोआप नाहीसे होणारे मेसेज' हे सेटिंग नीटनेटकेपणासाठी छान आहे, विश्वासाला पर्याय म्हणून नाही.

पायरी ५: फोन हरवला असं समजून चाचणी घ्या

निवड पक्की करण्याआधी हा विचारप्रयोग कराच. समजा आत्ता या क्षणी फोन पाण्यात पडला. नवा फोन आला, त्याच नंबरचं सिम मिळालं. आता त्या ॲपमध्ये शिरल्यावर काय काय परत येईल?

टेलिग्राममध्ये लॉगिन केल्याबरोबर साध्या चॅटचा सगळा इतिहास समोर येतो, कारण तो सर्व्हरवर आहे. वर ज्याला दोष म्हटलं तेच इथे सोय होऊन येतं. या दोन्ही गोष्टी एकत्र पूर्णपणे मिळत नाहीत, आपल्याला कुठली जास्त हवी ते ठरवावं लागतं. व्हॉट्सॲपमध्ये शेवटच्या बॅकअपपर्यंतचं येतं. बॅकअप तीन महिन्यांपूर्वी बंद पडला असेल तर तीन महिने गेले. अँड्रॉइडवर हा बॅकअप तुमच्या गूगल खात्याच्या मोफत १५ जीबीमधली जागा घेतो, म्हणून ईमेल आणि फोटोंनी ती जागा भरली की तो बिनबोभाट थांबतो. आणि गूगलवरचा बॅकअप आयफोनवर उतरवता येत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना नवा फोन सुरू करायच्या टप्प्यातच ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप वापरून चॅट हलवाव्या लागतात. जुना फोन हातात असतानाच हे होतं. सिग्नलमध्ये पूर्वी बॅकअप हे दुखणंच होतं. २०२५ मध्ये त्यांनी क्लाउड बॅकअप आणला; त्याची किल्ली ६४ अक्षरांची असते आणि ती हरवली तर मेसेज गेले.

दुसरा भाग: तुमचा नंबर दुसऱ्याच्या हाती लागला तर? इथे आपणच ठरवलेला वेगळा पिन किंवा पासवर्ड कामाला येतो. व्हॉट्सॲपमध्ये त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणतात, सिग्नलमध्ये रजिस्ट्रेशन लॉक, टेलिग्राममध्ये स्वतंत्र पासवर्ड. तो चालू असेल तर नुसता एसएमएसचा कोड मिळून भागत नाही. ॲप कुठलंही घ्या, पहिल्या दिवशी हे करा. आणि एसएमएसने आलेला कोड कुणी 'चुकून तुमच्या नंबरवर आला, जरा सांगता का' म्हणून मागितला, तर मागणारा सख्ख्या मित्राच्या नावाने बोलत असला तरी देऊ नका. बऱ्याचदा त्या मित्राचं खातंही तसंच गेलेलं असतं.

पायरी ६: ॲप कशावर जगतं ते बघा

मेसेजिंग ॲप्स मरतात, आणि मोठमोठ्या कंपन्यांची मरतात. याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये बंद झालं. ब्लॅकबेरीचं बीबीएम, ज्याचा एके काळी मोठा तोरा होता, सामान्य ग्राहकांसाठी ३१ मे २०१९ ला संपलं. गूगलने २०१६ मध्ये ॲलो आणलं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं. स्काइपही ५ मे २०२५ ला मिटलं. म्हणून पैसा कुठून येतो हे विचारणं म्हणजे शंकेखोरपणा नाही. व्हॉट्सॲपला २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलर देऊन घेतलं. ते लगेच बंद पडणार नाही, पण त्यातून कमाई करण्याचे प्रयत्न वाढत जाणार. सिग्नल ना-नफा संस्था चालवते आणि देणग्यांवर चालतं. व्हॉट्सॲपच्या संस्थापकांपैकी एक, ब्रायन ॲक्टन, यांनीच २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर घालून ती संस्था उभी करायला मदत केली. स्वित्झर्लंडचं थ्रीमा ॲप एकदाच विकत घ्यावं लागतं आणि त्याला फोन नंबरही लागत नाही. गोपनीयतेला ते चांगलं, पण तुमच्या यादीतलं कुणी त्यावर सापडेल का, हा प्रश्न राहतोच.

बाहेर पडायची वाट आहे का, तेही इथेच बघून घ्या. व्हॉट्सॲपमध्ये एकेक चॅट 'एक्स्पोर्ट' करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढता येते. टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपमधून चॅट उतरवता येतात. महत्त्वाचं बोलणं असेल तर वर्षातून एकदा तसं काढून ठेवावं.

पायरी ७: आठवडाभर वापरून बघा, पण आधी सेटिंग्ज

नवीन ॲप टाकल्यावर लगेच गप्पा सुरू करू नका. आधी लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू न देण्याचं सेटिंग करा. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर ग्रुपमधल्या शुभेच्छांच्या चित्रांनी महिन्याभरात फोन भरतो. 'ग्रुपमध्ये मला कोण घालू शकतं' या ठिकाणी 'फक्त संपर्कातले' निवडा. 'लिंक केलेली उपकरणं' ही यादी एकदा उघडून बघा. तिथे अनोळखी संगणक दिसला तर तिथूनच त्याला बाहेर काढता येतं. संपर्कयादीची परवानगी मात्र विचार करून द्या. ती दिल्यावर तुमच्याबरोबर तुमच्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर ॲपकडे जातात. सिग्नलमध्ये २०२४ पासून नंबर न सांगता नुसत्या यूजरनेमवरून बोलता येतं, अनोळखी माणसाशी व्यवहार करताना ते बरं पडतं.

मग मराठीची परीक्षा. चॅटमध्ये एक देवनागरी मेसेज पाठवा आणि दुसऱ्या दिवशी त्यातलाच एखादा शब्द, समजा 'पावती', शोधून बघा. मग 'पावतीचा' असं रूप असलेला मेसेज नुसतं 'पावती' टाकून सापडतो का ते बघा. शोध देवनागरीत नीट चालतो की नाही, आणि शब्दाचा सुरुवातीचा तुकडा टाकून लांब रूप सापडतं का, हे कुठल्याही परीक्षणात लिहिलेलं नसतं आणि सहा महिन्यांनी जुना पत्ता शोधताना तेच सगळ्यात जास्त छळतं. फॉन्ट मोठा करून जोडाक्षरं कापली जातात का ते बघा. घरातल्या ज्येष्ठांसाठी निवडत असाल तर ही चाचणी त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हातून करून घ्या.

नेटवर्क कमकुवत असताना मेसेज किती वेळ अडकतो, बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये नोटिफिकेशन वेळेवर येतं का, हेही याच आठवड्यात कळतं. नोटिफिकेशन उशिरा येत असेल तर दोष बहुतेकदा ॲपचा नसतो. फोनच्या बॅटरी सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपवरचं बंधन काढा.

पायरी ८: जुनं ॲप सोडताना

नुसतं ॲप काढून टाकणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे, आणि इथे पुष्कळ निरोप हरवतात. व्हॉट्सॲप फोनवरून काढलं तरी तुमचं नाव इतरांच्या यादीत तसंच दिसत राहतं. लोक मेसेज पाठवतात, एक टिक येऊन थांबते, आणि 'हल्ली उत्तरच देत नाही' अशी तक्रार सुरू होते. कायमचं सोडायचं असेल तर आधी ग्रुपमध्ये एक निरोप ठेवा, हवं ते एक्स्पोर्ट करा, मग सेटिंग्जमध्ये अकाउंट उघडून तिथून खातं डिलीट करा आणि सगळ्यात शेवटी ॲप काढा.

आयफोन सोडून अँड्रॉइडवर जात असाल तर सिम काढण्याआधी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आयमेसेज बंद करा. विसरलात तर इतर आयफोनवाले तुम्हाला पाठवतील ते मेसेज तुमच्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याकडे जात राहतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आयफोन हातात नसेल तर ॲपलच्या संकेतस्थळावर नंबर टाकून, एसएमएसने आलेला कोड भरून हीच नोंदणी रद्द करता येते. आरसीएसचंही असंच आहे: गूगल मेसेजेस सोडण्याआधी त्याच्या सेटिंग्जमध्ये आरसीएस चॅट बंद करा. मग दुसऱ्या कुणाला तरी एक साधा एसएमएस पाठवायला सांगा आणि तो नव्या फोनवर आला की जुना फोन पुसायला घ्या.